वाटणी झाल्यावर पेटलेलं भांडण
जुन्या इंग्रजी शोकांतिकांमधली घरं का मोडतात?

वाटण्या होताना घरात भांडण झालं की आपण सहसा एकच कारण धरून चालतो: कुणाला तरी कमी मिळालं. विल्यम शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये मात्र भांडण पेटतं तेव्हा वाटणी ठरून गेलेली असते. नाटकाची सुरुवातच दोन सरदारांच्या बोलण्यानं होते. केंट आणि ग्लॉस्टर एकमेकांना सांगतात की राजानं दोन्ही जावयांचे हिस्से इतके तोलून पाडले आहेत, की कुणालाही दुसऱ्याच्या हिश्श्याचा मोह पडू नये. मग राजा येतो, नकाशा मागवतो आणि तिन्ही मुलींना विचारतो: माझ्यावर सर्वांत जास्त प्रेम कुणाचं? थोरल्या गॉनरिलचं बोलणं संपताच तिचा हिस्सा जाहीर होतो. धाकट्या दोघींचं अजून ऐकायचंच असतं. म्हणजे उत्तरांवर काही ठरणार नव्हतं.

तरीही धाकटी कॉर्डेलिया जेव्हा गोड भाषण करायला नकार देते, तेव्हा ऐंशी ओलांडलेला हा बाप आपल्या सर्वांत लाडक्या मुलीला त्याच दरबारात तोडून टाकतो. नाटक संपतं तेव्हा तो स्वतः, तिन्ही मुली आणि एक जावई मेलेले असतात. ठरलेली वाटणी, जीव लावणारी मुलगी आणि तिच्यावर जीव असलेला बाप. इथून एका राज्याच्या विनाशापर्यंत गोष्ट कशी पोचते?

लिअरचा तापट स्वभाव आणि थोरल्या मुलींचा लोभ, हे उत्तर खरं आहे, पण अपुरं आहे. तापट बाप आणि लोभी वारस सगळीकडे असतात. त्यांच्यापायी प्रत्येक वेळी युद्ध होत नाही. मुख्य कारण त्या घराच्या रचनेत आहे.

## एकाच तुळईवर दोन भार

आपल्याकडच्या जुन्या घरांत छपराचा भार पेलणाऱ्या तुळईलाच कड्या अडकवून झोपाळा टांगलेला असे. हलके झोके घ्यायला काहीच हरकत नसते. पण कुणी दांडगाईनं झोका चढवला, की तुळई करकरते आणि वरची कौलंही हलतात. जुन्या इंग्रजी शोकांतिकेतलं नातं असं तुळईसारखं आहे. माया त्याला टांगलेली असते आणि वारसा, सत्ता, घराण्याचं नाव यांचं छप्पर त्याच्याच डोक्यावर असतं. त्यामुळे रुसवा, अबोला, मुलीनं मनासारखं लग्न करणं अशा गोष्टींचा धक्काही थेट छपराला बसतो.

ही रचना नाटककारांनी कल्पनेनं उभी केलेली नव्हती. त्या काळच्या इंग्लंडचा कायदा तसाच होता.

## घर हे छोटं राज्य

इंग्लंडमध्ये 1351 च्या राजद्रोहाच्या कायद्यानं एक वेगळा गुन्हा ठरवला होता. बायकोनं नवऱ्याला मारलं किंवा नोकरानं धन्याला मारलं, तर तो साधा खून नसे. तो छोटा राजद्रोह मानला जाई. घर हे लहानसं राज्य आणि नवरा त्याचा राजा, ही समजूत कायद्यात लिहिलेली होती. अशा बाईला जाळण्याची शिक्षा होती. हा गुन्हा कायद्यातून निघाला तो थेट 1828 मध्ये.

1551 मध्ये केंट परगण्यातल्या फेव्हरशॅम गावी टॉमस आर्डेन या श्रीमंत माणसाचा खून झाला. कट त्याची बायको अ‍ॅलिस आणि तिचा प्रियकर यांचा होता. अ‍ॅलिसला कँटरबरीला जाळण्यात आलं. या घटनेवरचं ‘आर्डेन ऑफ फेव्हरशॅम’ हे नाटक 1592 मध्ये लेखकाच्या नावाशिवाय छापलं गेलं. त्यात राजेराजवाडे नाहीत. गावातलं घर, जेवणाचं टेबल, नोकरचाकर आणि आर्डेननं बळकावलेल्या जमिनीमुळे हवालदिल झालेला माणूस आहे. प्रेमाचं प्रकरण आणि जमिनीचं प्रकरण तिथेही एकमेकांत गुंतलेलं आहे.

याच्या तीस वर्षं आधी, 18 जानेवारी 1562 रोजी, राणी पहिल्या एलिझाबेथसमोर ‘गॉर्बोडक’ हे नाटक झालं. टॉमस नॉर्टन आणि टॉमस सॅकव्हिल हे त्याचे लेखक. निर्यमक छंदात लिहिलेली ही पहिली इंग्रजी शोकांतिका मानतात आणि तिचा विषय वाटणी हाच आहे. राजा जिवंतपणीच दोन मुलांना राज्य वाटून देतो. धाकटा थोरल्याला मारतो. थोरल्यावर जीव असलेली आई धाकट्याला मारते. प्रजा बंड करून राजाराणीला मारते आणि मग सरदार आपसात लढू लागतात. नाटक सादर करणारे वकिलीच्या पेशातले लोक होते आणि समोर बसलेली 28 वर्षांची राणी अविवाहित होती. तिच्यानंतर कोण, हा प्रश्न सगळ्या देशाला पडला होता. घरातल्या नात्यांवर राज्याचं भवितव्य टांगलेलं आहे, हे त्या प्रेक्षकांना समजावून सांगावं लागत नव्हतं.

## ज्याला काहीच मिळणार नाही तो मुलगा

इंग्लंडमध्ये जमीन साधारणपणे थोरल्या औरस मुलाकडे जाई. मुलगा नसेल तर सगळ्या मुलींना सारखा वाटा मिळे. लग्नाबाहेर जन्मलेलं मूल मात्र कायद्याच्या नजरेत कुणाचंच नसे. त्याला वारसा नव्हता.

‘किंग लिअर’मधल्या दुसऱ्या घराची गोष्ट या नियमातून उगवते. ग्लॉस्टरला दोन मुलगे आहेत: औरस एडगर आणि अनौरस एडमंड. पहिल्याच प्रवेशात ग्लॉस्टर एडमंडच्या जन्माची थट्टा करतो, आणि तीही एडमंड शेजारी उभा असताना. मुलगा नऊ वर्षं बाहेर होता आणि पुन्हा बाहेर जाणार आहे, हेही तो सहज सांगून टाकतो. ‘माझं दोघांवर सारखंच प्रेम आहे,’ असं हा बाप म्हणतो आणि त्याला तसं वाटतही असेल. पण माया सारखी असली तरी जमीन सारखी मिळणार नाही, हे एडमंडला पक्कं ठाऊक आहे.

तो एडगरच्या नावानं खोटं पत्र लिहितो. पत्रातला विचार असा: बाप म्हातारे झाले की मालमत्ता मुलांच्या हाती यावी. बाप पत्र वाचतो आणि एडगरला बोलावून एक प्रश्नही न विचारता विश्वास ठेवतो. इतका भोळेपणा खरा वाटतो का? बापाच्या मनात ती भीती आधीपासून घर करून असेल, तर नक्की वाटतो. ज्या घरात मुलाचा दिवस उजाडायला बापाचा दिवस मावळावा लागतो, तिथे असं पत्र कधी तरी येणार ही धास्ती असतेच. एडमंडनं ती फक्त कागदावर उतरवली.

मरताना एडमंड जे बोलतो ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. गॉनरिल आणि तिची मधली बहीण रीगन दोघी त्याच्यापायी मेल्या हे कळल्यावर, ‘म्हणजे माझ्यावर कुणी तरी प्रेम केलं होतं’ अशा आशयाचं तो म्हणतो. आयुष्यभर जमिनीसाठी धावलेल्या या माणसाची भूक शेवटी वेगळीच निघते.

## शंभरावरून शून्यावर

लिअर राज्य देतो, पण 100 स्वारांचा लवाजमा स्वतःकडे ठेवतो आणि एकेक महिना आळीपाळीनं दोन मुलींकडे राहायचं ठरवतो. त्या काळात ही कल्पना अनोळखी नव्हती. इंग्लंडच्या खेड्यांत म्हातारे आईबाप जमीन मुलांच्या नावे करताना अन्न, वस्त्र, निवारा यांचा करार करून घेत आणि तो नोंदवून ठेवत. राजाकडे तर असा नोंदवलेला करारही नाही. दिलेला शब्द आहे, पण तो पाळायला लावणारं वर कुणी नाही.

मग आकडा उतरू लागतो. गॉनरिल 50 स्वार कमी करते. लिअर रागानं रीगनकडे जातो, तर ती म्हणते 25 पुरेत. तेव्हा लिअर पुन्हा गॉनरिलकडे वळतो आणि म्हणतो, पन्नास म्हणजे पंचविसाच्या दुप्पट, तेव्हा तुझं प्रेम तिच्या दुप्पट. यावर दोघी बहिणी मिळून आकडा खाली आणतात: पंचवीस, दहा, पाच आणि शेवटी एकाची तरी गरज काय?

बापाला मुली छळत आहेत हे या प्रवेशात उघड दिसतं. थोडं थांबून पाहिलं की दुसरी गोष्ट दिसते. प्रेम आकड्यात मोजायची पद्धत लिअरनंच घरात आणली होती. त्यानं शब्द घेऊन जमीन दिली. मुली आता तोच हिशेब स्वारांच्या संख्येत पुढे चालवत आहेत. कॉर्डेलियाला नाकारताना त्यानं जो मापदंड वापरला, तोच त्याच्यावर उलटला आहे. आणि गॉनरिलची तक्रार अगदीच पोकळ नाही. शंभर सशस्त्र माणसं सांभाळणाऱ्या घरात हुकूम कुणाचा चालणार, हा प्रश्न खराच असतो. तिला शह देणारी सत्ता म्हातारपणाच्या वेषात तिच्या घरात राहायला आली आहे.

अशी प्रकरणं प्रत्यक्षातही घडत होती. 1603 मध्ये ब्रायन अ‍ॅनस्ली या म्हाताऱ्या दरबारी गृहस्थाला तीन मुली होत्या. बाप भ्रमिष्ट झाला आहे असं ठरवून त्याची मालमत्ता ताब्यात घेण्याचा प्रयत्न थोरल्या मुलीच्या घरानं चालवला. धाकटीनं मंत्री रॉबर्ट सेसिलला पत्र लिहून हरकत घेतली. पुढे बापाचं मृत्युपत्र न्यायालयात टिकलं. त्या धाकट्या मुलीचं नाव होतं कॉर्डेल. शेक्सपिअरचं नाटक 26 डिसेंबर 1606 रोजी राजदरबारात झालं. लिअरची दंतकथा मात्र त्याच्या कितीतरी आधीची.

## मुलीचं लग्न, बापाचा हुकूम

दोन भार सर्वांत जोरात एकमेकांवर आदळतात ते मुलीच्या लग्नात. चर्चच्या नियमानुसार लग्नाला वधूवरांची संमती पुरेशी होती. मुलगी 12 वर्षांची आणि मुलगा 14 वर्षांचा असला की वय भरे. पण हुंडा आणि मालमत्ता बापाच्या हाती. म्हणजे लग्न मुलीच्या शब्दानं होई आणि संसार बापाच्या पैशावर उभा राही.

‘रोमिओ अँड ज्युलिएट’ या फटीत घडतं. सुरुवातीला ज्युलिएटचा बाप कॅप्युलेट तिच्या संमतीला महत्त्व देतो आणि वराला थांबायला सांगतो. बायकोचा भाचा मारला गेल्यावर मात्र तो घाईनं तिचं लग्न ठरवतो आणि तिनं नकार देताच घराबाहेर काढून भीक मागायला लावण्याची धमकी देतो. ज्युलिएट 14 चीही झालेली नाही. ज्या काव्यावरून शेक्सपिअरनं कथा घेतली, त्या आर्थर ब्रुकच्या 1562 च्या काव्यात ती सोळाच्या आसपास आहे. शेक्सपिअरनं ते वय मुद्दाम खाली आणलं. प्रत्यक्षात तेव्हाच्या सामान्य इंग्रज मुलींची लग्नं बहुधा विशीच्या मध्यावर होत. त्यामुळे ही मुलगी किती लहान आहे आणि बापाच्या घराबाहेर तिला किती थोडी जागा आहे, हे प्रेक्षकाला बोचत राही.

‘ऑथेल्लो’मध्ये डेस्डेमोना बापाला न सांगता लग्न करते. ऑथेल्लोला हौसेनं घरी जेवायला बोलावणाऱ्या ब्राबान्शिओला तो जावई म्हणून सहन होत नाही. जाता जाता तो ऑथेल्लोला बजावतो: हिनं बापाला फसवलं, तुलाही फसवेल. बापाच्या रागाचा हा एक उद्गार पुढे ऑथेल्लोच्या हाताखालचा कपटी इयागो जपून वापरतो. तिसऱ्या अंकात ऑथेल्लोच्या मनात संशय पेरताना तो हेच पुन्हा आठवून देतो. मुलीनं प्रेमासाठी जे धाडस केलं, तेच नवऱ्याच्या डोळ्यांत तिच्या बेइमानीचा पुरावा ठरतं.

जॉन वेब्स्टरच्या ‘द डचेस ऑफ माल्फी’मध्ये बापाच्या जागी दोन भाऊ आहेत. इंग्रज कायद्यात विधवेला विवाहित स्त्रीपेक्षा जास्त मोकळीक होती. ती स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवू शके. ही तरुण विधवा आपल्या कारभाऱ्याशी गुपचूप लग्न करते आणि भाऊ तिचा छळ करून तिला मारवतात. तिचा जुळा भाऊ फर्डिनंड नंतर कारण शोधू लागतो. ती विधवाच राहिली असती तर तिचं धन आपल्याला मिळालं असतं, असं तो म्हणतो, पण त्याचं त्यालाच ते पटत नाही. त्याच्या मनात घराण्याची अब्रू, बहिणीवरचा हक्क आणि त्याला उमजू न शकणारी आसक्ती यांचा गुंता झाला आहे. शेवटी त्याला वेड लागतं.

## आईचं दुसरं लग्न

‘हॅम्लेट’ बघताना आपल्याला वाटतं, विधवा आईनं पुन्हा लग्न केलं तर मुलानं इतकं का पेटावं? त्या प्रेक्षकांसमोर इतिहास होता. आठव्या हेन्रीनं 1509 मध्ये मोठ्या भावाची विधवा कॅथरीन हिच्याशी लग्न केलं आणि पुढे भावाच्या विधवेशी विवाह धर्मबाह्य आहे असं सांगत 1533 मध्ये ते रद्द करवून घेतलं. रोमच्या चर्चशी फारकत याच वादातून झाली. एलिझाबेथ राणी ही हेन्रीच्या दुसऱ्या लग्नाची मुलगी. 1563 पासून इंग्लंडच्या चर्चच्या निषिद्ध नात्यांच्या यादीत भावाची बायको होती. म्हणून हॅम्लेटची आई गर्ट्रूड हिनं दिराशी लग्न करणं हे त्यांच्या लेखी नात्याच्या मर्यादेचा भंग होता.

त्या एका लग्नानं हॅम्लेटचं सगळं बदलतं. बापाच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांच्या आत काका सावत्र बाप होतो, राजाही होतो आणि भर दरबारात त्याला मुलगा म्हणतो. डेन्मार्कचा राजा निवडला जात असे, आणि ती संधीही काकानं मधल्या मध्ये घेतली, असं हॅम्लेट बोलून दाखवतो. आईशी बोलायचं तर राजाच्या बायकोशी बोलावं लागतं. शेजारच्या घरातही तेच चाललं आहे. राजाचा सल्लागार पोलोनियस पॅरिसला गेलेल्या मुलामागे हेर लावतो आणि मुलगी ऑफिलियाला हॅम्लेटसमोर उभी करून स्वतः राजासह आडोशाला लपतो. तो काही क्रूर बाप नाही. पण दरबारातलं स्थान राखायच्या नादात त्यानं मुलीच्या प्रेमाला आमिष केलं आहे.

## मध्ये पडणारं कुणी नाही

कुठल्याही घरात असे प्रसंग येतात आणि बहुधा कुणी तरी मध्ये पडून सावरतं. या नाटकांत ती जागा रिकामी आहे. लिअरची बायको नाही, ग्लॉस्टरची नाही, ब्राबान्शिओची नाही, पोलोनियसचीही नाही. याचं एक व्यावहारिक कारण असू शकतं: 1660 पर्यंत इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर स्त्रियांची कामं मुलगे करत आणि असे तयार मुलगे मंडळीत थोडेच असत. पण या अभावाचा नाट्यपरिणाम मोठा आहे. बाप आणि मुलगी यांच्यात थेट सामना होतो आणि रागाला वाट मिळत नाही. लिअरला थांबवायला केंट पुढे होतो, तर त्याला हद्दपार व्हावं लागतं. जो बाप आहे तोच राजा आहे. त्याच्या निर्णयावर दाद मागायची कुठे?

## देण्याघेण्यापलीकडची भेट

शेक्सपिअरच्या आधीचं ‘किंग लिअर’ नावाचं दुसरं नाटक 1605 मध्ये छापलं गेलं होतं. त्यात राजाला राज्य परत मिळतं. शेक्सपिअरनं तो सुखान्त घेतला नाही. प्रेक्षकांना ते फार जड गेलं. 1681 मध्ये नाहम टेटनं नाटक बदललं: कॉर्डेलिया जगते आणि एडगरशी लग्न करते. रंगभूमीवर दीडशे वर्षं हेच रूप चाललं. 1838 मध्ये विल्यम मॅक्रेडीनं शेक्सपिअरचं नाटक, टेटनं गाळलेल्या विदूषकासह, परत आणलं. सॅम्युएल जॉन्सनसारख्या कसलेल्या समीक्षकानंही लिहून ठेवलं आहे की कॉर्डेलियाच्या मृत्यूचा धक्का इतका होता, की संपादनाचं काम हाती घेईपर्यंत त्यानं ते शेवटचे प्रवेश पुन्हा वाचले नव्हते.

पण शेवटाच्या आधी एक भेट आहे आणि या नाटकाचं मर्म मला तिथे दिसतं. वेडातून सावध होणारा लिअर कॉर्डेलियाला ओळखतो. तिच्यापुढे गुडघे टेकू पाहतो. माझा द्वेष करायला तुझ्याकडे कारण आहे, असं म्हणतो. ती म्हणते, नाही, काही कारण नाही. आता त्याच्याकडे द्यायला काही उरलेलं नाही आणि तिला काही घ्यायचं नाही. नात्यावरचा दुसरा भार पहिल्यांदाच उतरला आहे, आणि बापलेक पहिल्यांदाच एकमेकांना नीट पाहतात. ग्लॉस्टरचंही तेच होतं: डोळे आणि जहागीर दोन्ही गेल्यावर ज्या एडगरला त्यानं हाकललं, तोच त्याचा हात धरून चालतो. ही समज यायला उशीर मात्र फार झाला आहे. सैन्यं निघालेली आहेत. कैदेतल्या कॉर्डेलियाला मारायचा एडमंडचा हुकूम मागे घेतला जातो, पण तो निरोप वेळेवर पोचत नाही.

वि. वा. शिरवाडकरांनी ‘किंग लिअर’वरून प्रेरणा घेऊन ‘नटसम्राट’ लिहिलं आणि 1970 मध्ये ते डॉ. श्रीराम लागूंसह रंगभूमीवर आलं. त्यांनी हे मर्म अचूक उचललं, असं मला वाटतं. त्यांच्या अप्पासाहेब बेलवलकरांकडे राज्य नाही. आयुष्यभराच्या अभिनयातून मिळालेलं थोडंबहुत आहे आणि तेही ते मुलांना देऊन टाकतात. लिअरच्या घरात नसलेली आई इथे आहे: कावेरी अखेरपर्यंत त्यांना सावरते. आणि ती गेल्यावर अप्पांना माया मिळते ती रस्त्यावरच्या राजा नावाच्या बूटपॉलिशवाल्या पोराकडून. त्याला अप्पांकडून काही मिळायचं नसतं आणि अप्पांनाही त्याच्याकडून मानपान नको असतो.

या शोकांतिका ‘मुलं कृतघ्न असतात’ किंवा ‘बाप हट्टी असतात’ एवढंच शिकवत असत्या, तर चारशे वर्षं टिकल्या नसत्या. मायेवर व्यवहाराचा भार टाकल्यावर चांगली माणसंही एकमेकांना ओळखेनाशी कशी होतात, हे त्या पायरी पायरीनं दाखवतात. जे द्यायचं ते द्यावं, त्याची नीट व्यवस्था करावी, पण त्याच्या बदल्यात प्रेमाची कबुली मागू नये. लिअरनं पहिल्या प्रवेशात ती मागितली नसती, तर वाटणी तशी चोख झालेली होती.

थोडक्यात

- दुहेरी भार: या नाटकांत एकच नातं माया आणि वारसा दोन्ही वाहतं, म्हणून घरातला रुसवा राज्यापर्यंत पोचतो.
- कायद्याची पार्श्वभूमी: थोरल्याचा वारसा, अनौरस मुलाला हक्क नसणं, नवऱ्याचा खून म्हणजे छोटा राजद्रोह.
- ठिणगी: वाटणी (लिअर, गॉर्बोडक), मुलीचं किंवा बहिणीचं लग्न (ज्युलिएट, डेस्डेमोना, माल्फीची डचेस), आईचा पुनर्विवाह (हॅम्लेट).
- आगीला वारा: मध्यस्थाचा अभाव. आया बहुधा नाहीत आणि मध्ये पडणाऱ्याला हाकललं जातं.
- पाहताना विचारायचे प्रश्न: या भांडणात कुणाला काय मिळणार आहे? प्रेम कशात मोजलं जातंय? आणि थांबवू शकणारा माणूस कुठे गेला?